म्हातारीखालची लादी

बर्फाच्या कारखान्याचे यंत्र बंद पडून आठवडा होत आला होता, आणि वरून नुसता जाळ गळत होता. त्यात हवा दमट. अंगावरचा घाम सुकायचे नाव घेत नव्हता. फुटायचा तिथेच बसून राहायचा. पत्र्याच्या खोपटात एरवी लाकडाच्या भुशात लाद्या निजलेल्या असत. आता तिथे ओला भुसा तेवढा उरला होता आणि त्याला आंबूस वास सुटला होता. बर्फवाली दाराशी बसून गोणपाटे पसरत होती. कालची अजून ओली होती.

तिचा सासरा दाराजवळच्या बाजेवर पडलेला असे. हा धंदा त्यानेच उभा केला. पाठीवर लाद्या वाहून त्याची पाठ कायमची वाकली होती आणि हाताची दोन बोटे गारठ्याने कामातून गेली होती. नवऱ्याला बाजारात कुणी नावाने हाक मारत नसे, गारठ्या म्हणत. भर उन्हात त्याचे हात गार असायचे आणि गंमत म्हणून तो ते कुणाच्याही मानेला लावायचा. ती अशी की दुकानात कुणी लादीवरचे कांबळे बघून हसले, बर्फाला थंडी वाजते काय म्हणाले, की न हसता सांगायची, "ऊब आत जाऊ नये म्हणून घालतो. तुम्ही ती बाहेर जाऊ नये म्हणून घालता. कांबळं तेच."

दुपारच्या आधी गारठ्या हातगाडी ओढत आला. गाडीवर पाच लाद्या होत्या, गोणपाटात गुंडाळलेल्या. खालून धार लागली होती.

"कुठनं मिळाल्या?" तिने विचारले.

"कारखान्याच्या तळघरातनं. शेवटच्या. मॅनेजरच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा दिल्या."

"मग सरबतवालीला निरोप धाडते. बिचारी रोज रिकामा डबा घेऊन परत जाते."

"थांब. ह्या गिरणीवाल्याकडे जायच्यात. त्याची आई गेली पहाटे. बहीण यायचीय लांबून, उद्या संध्याकाळी पोचेल. तोवर म्हातारी टिकली पाहिजे." त्याने उपरण्याने मान पुसली. "तू पण चल. बायकांच्या खोलीत मला कोण घेतंय?"

गिरणीवाल्याचे घर गिरणीच्या मागेच होते. पायऱ्यांवरसुद्धा पीठ. म्हातारीला मागच्या खोलीत ठेवले होते. खिडक्या लावून घेतलेल्या, वर पंखा तीच हवा ढवळत होता. फळ्यांवर पत्र्याचा मोठा ट्रे, ट्रेमध्ये दोन लाद्या शेजारीशेजारी, लाद्यांवर चादर, चादरीवर म्हातारी. उरलेल्या लाद्या गारठ्याने टोच्याने फोडल्या आणि तुकडे तिच्या दोन्ही बाजूंनी रचले. मग तो बाहेर जाऊन बसला. आतले काम बर्फवालीचे.

काम म्हणजे पाणी काढायचे. लादी वितळायची, पाणी ट्रेच्या कडेने फरशीवर उतरायचे, तिने ते फडक्याने टिपायचे, बादलीत पिळायचे, बादली भरली की मागच्या गटारात ओतायची. सुरुवातीला पाणी नितळ होते. संध्याकाळपर्यंत त्याला पिवळसर झाक आली. फडके पिळताना ते बोटांच्या पेरांतून मनगटावर यायचे आणि तिला आपलाच हात कोपरापर्यंत नकोसा व्हायचा. बोटे पांढरी पडली, बधिर झाली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायला तिच्याकडे स्वच्छ असे काही नव्हते.

घरातल्या बायका दाराशी येत, नाकाला रुमाल लावत, "अगं बाई" म्हणत आणि निघून जात. गिरणीवालीने रुमालावर अत्तर टाकले होते. त्या अत्तराने वास गेला नाही, वासात आणखी एक वास आला.

दिवे लागायच्या सुमारास गिरणीवाल्याचा जावई आला. पोट सुटलेला, बनियनवर. हातात सोड्याच्या तीन बाटल्या.

"ए बर्फवाली, ह्या जरा खोच तिकडं. पायाकडं जागा दिसतीय."

तिला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "पायाकडं?"

"मग काय उशाशी खोचतेस?"

दाराशी कुणीतरी हसले आणि हसण्याचा खोकला केला. तिने गिरणीवालीकडे पाहिले. गिरणीवाली छताकडे बघत होती. मग तिने बाटल्या घेतल्या आणि म्हातारीच्या घोट्याला लागणार नाहीत अशा बेताने तुकड्यांत रोवल्या. थोड्या वेळाने जावई पुन्हा आला.

"पुसून दे नीट."

पुसायला हातात तेच फडके होते. तिने ते पुढे केले तसा तो म्हणाला, "हे नको गं, पदराने पूस." तिने पदराने पुसून दिली. बाटलीला बाहेरून दव धरले होते. त्याने ती आधी कपाळाला लावली, मग गालाला, मग मानेला, आणि डोळे मिटून म्हणाला, "हां. जिवात जीव आला."

म्हातारी तोंड किंचित उघडे टाकून पडली होती.

रात्र तशीच गेली. सकाळी बघतात तो बाजूचे तुकडे पार संपलेले आणि खालच्या लाद्याही निम्म्यावर आलेल्या. संध्याकाळ अजून लांब होती. गिरणीवाला गारठ्यावर डाफरला, "तू बर्फ दिलास की पाणी दिलंस?" तेव्हा गारठ्या बाजारात गेला आणि जाड्या मिठाची पिशवी घेऊन आला.

गिरणीवालीने विचारले, "मीठ कशाला? लोणचं घालताय का सासूबाईंचं?"

"मिठानं गारवा वाढतो बाई. आइस्क्रीमच्या भांड्याभोवती टाकतात, बघितलं नाही तुम्ही?"

"अहो, बाबांना विचारून या," बर्फवाली हळूच म्हणाली.

"बाबांना काय विचारायचंय? त्यांनीच शिकवलं मला."

शिकवले होते, पण अर्धेच त्याच्या डोक्यात राहिले होते. मिठाने गारवा वाढतो, पण तो बर्फालाच खाऊन वाढतो. आइस्क्रीम घटकाभरात होते, त्याला चालते. इथे दिवस काढायचा होता. आणि मिठाच्या पाण्याचा गारवा साध्या बर्फापेक्षा कितीतरी जहरी. ओले काही सापडले की त्याला पकडून बसतो. गारठ्याने सढळ हाताने मीठ पेरले, चादरीखाली हात घालून लादीवरही पेरले. खोली खरेच गार झाली. गिरणीवालासुद्धा "आता बरं आहे" म्हणाला.

बहीण आली ती उन्हे कलल्यावर. आईच्या छातीवर डोके ठेवून रडली. मग उचलायची वेळ झाली. चौघांनी हात घातले आणि उचलले, तर वरचे अंग उचलले गेले आणि पाय खालीच राहिले. टाचा चादरीला आणि चादर लादीला धरून बसली होती.

"ओढू नका," गिरणीवाला म्हणाला.

पण एकाने तोवर ओढलेच होते. ओला कागद फाटावा तसा आवाज झाला. बहीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"गरम पाणी आण गं," गारठ्या बायकोला म्हणाला.

तिने तांब्यातून कोमट पाणी आणले आणि टाचेजवळ बारीक धार धरली. चादर हळूहळू सुटू लागली. गार झालेल्या खोलीत कोमट पाण्याने दोन दिवस दबलेला वास एकदम वर आला, आणि ती वाकलेली होती त्यामुळे तिच्याच तोंडावर आला. तिने श्वास रोखून धार धरली. पाय सुटला तेव्हा टाचेची कातडी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी, चादरीवर राहिली.

गिरणीवाली तिलाच बोलली, तिच्या नवऱ्याला नव्हे. "तुम्हा लोकांना अक्कल कधी यायची?"

माणसे म्हातारीला घेऊन गेली. घर रिकामे झाले. ट्रेमध्ये दोन लाद्या उरल्या होत्या, एकमेकींना चिकटून एकच झालेल्या, झिजून कडेला उंच आणि मध्ये खोल. बर्फवाली फडके हातात घेऊन बघत राहिली. लाद्यांवर खळगा पडला होता. डोक्याचा वाटोळा, खांद्यांचा रुंद, कमरेचा, आणि खाली टाचांच्या जागी दोन वाट्या. वर म्हातारी नव्हती तरी खाली होतीच.

"हे सगळं घेऊन जा," गिरणीवाल्याने दारातून सांगितले. "खोली धुवायचीय."

गारठ्याने लाद्या गोणपाटात गुंडाळून गाडीवर चढवल्या. तिने मागून गाडी ढकलली. ओढ्याचे वळण आले. ती तिकडे ढकलू लागली, पण गाडी सरळ गेली.

"अहो, ओढा मागं राहिला."

तो गाडी ओढतच राहिला. घरी आल्यावर त्याने लाद्या पंपाच्या पाण्याखाली धरल्या, मीठ धुऊन काढले आणि खोपटात नेऊन कोरडा भुसा शोधू लागला. तेव्हा तिला समजले.

"हे विकायचं नाही," ती म्हणाली.

"आठवडाभर घरात काय शिजलंय ते माहीत आहे ना? आख्ख्या बाजारात एवढाच बर्फ आहे. उद्या सरबतवाली स्वतः मागेल, सांगू त्या भावात घेईल."

"मागेल ती. माहीत नाही तिला म्हणून मागेल."

"अगं, पाणी आहे ते." तो समजावणीच्या सुरात आला. "आज लादी आहे, उद्या वितळेल, परवा ढगात जाईल. पाऊस पडतो तेव्हा ढगाला विचारतेस का, बाबा रे, कुणाच्या अंगावरनं आलास?"

"मग जाऊ दे ना ढगात. जाऊन खाली येऊ दे. ओंजळ धरून पिईन मी."

"मला शिकवू नकोस."

ती सासऱ्याकडे वळली. म्हातारा बाजेवर उठून बसला होता. आयुष्यभर त्याने शिळा बर्फ दिला नाही, धुळीचा दिला नाही, असे तो सगळ्यांना सांगायचा आणि ते खरे होते. तिला वाटले, हा आता मुलाला दोन शब्द ऐकवील.

"मामंजी, सांगा ना तुम्ही."

म्हाताऱ्याने खोपटाकडे बघितले.

"किती राहिलीय?" त्याने विचारले.

"पाऊण लादी भरेल, बाबा," गारठ्या म्हणाला.

"मग खळग्याकडची बाजू तासून दे."

ती घरात गेली. जेवायला वाढले, पण स्वतःला वाढून घेतले नाही. हाताला वास येत होता. तिने राखेने घासले, साबणाने घासले, दगडाने घासले. कातडी लाल झाली, वास तिथेच. रात्री गारठ्याने गंमत म्हणून तिच्या मानेला गार हात लावला, तेव्हा ती अशी दचकून बाजूला झाली की तो स्वतःच्या हाताकडे बघत बसला.

उजाडायच्या आत ती उठली. चूल पेटवली आणि पाण्याचे मोठे पातेले ठेवले. लादी ओढून ओढ्यावर नेण्याचे बळ एकट्या बाईत नव्हते, आणि गाडीच्या साखळीची किल्ली नवऱ्याच्या उशाशी होती. पण पाणी उकळता येत होते. पाण्याला खळखळून उकळी फुटली तसे तिने फडक्यात धरून पातेले खोपटात नेले, भुसा बाजूला केला आणि खळग्यात पाणी ओतले.

लादी तडतडली. आत पांढऱ्या चिरा धावल्या. वाफेचा लोट उठला. ती मागे सरली, पण खोपट ते केवढे. वाफ तिच्या अंगावरच आली. पदराने तोंड झाकेपर्यंत वरच्या ओठावर, भुवयांवर, पापण्यांवर थेंब जमले होते. म्हणजे म्हातारी आता तोंडावर आली. तिने थुंकून थुंकून तोंड कोरडे केले, पालथ्या हाताने चेहरा खरडून पुसला आणि दुसरे पातेले चढवायला गेली.

दुसरे ओतले. तिसरे ओतले. सरपण संपत आले. एवढे कढत पाणी ओतूनही खालून वाहत होते ते गारच. पायाला लागले तर झोंबत होते. आणि लादी होती तेवढीच वाटत होती.

बाजेवरून सासरा बघत होता. "का जाळ वाया घालवतेस पोरी," तो म्हणाला. "लादी फार हट्टी. सगळी आग पोटात घालते आणि गारच्या गार राहते. शेवटचा खडा जाईपर्यंत तिचं डोकं तापत नाही."

"तुमचं तरी कुठं तापलं, मामंजी?"

म्हाताऱ्याने तोंड फिरवले.

तिने चौथे पातेले ओतले तोवर गारठ्या जागा होऊन दारात आला होता. ती थांबली. आता हा ओरडेल, हात उगारेल, असे तिला वाटले, आणि त्याला ती तयार होती. पण तो वाकून लादीकडे बघत राहिला. मग त्याने तळवा फिरवला.

उकळत्या पाण्याने खळगा पुसून गेला होता. खांदे नव्हते, कंबर नव्हती, टाचांच्या वाट्या नव्हत्या. वरची बाजू काचेसारखी गुळगुळीत, चकचकीत झाली होती.

"हे बरं केलंस," तो म्हणाला. "मी तासत बसणार होतो. वरची सगळी घाण गेली."

ती रिकामे पातेले हातात धरून उभी राहिली. आपल्या हाताने आपण लादीला विकायला नटवले, हे तिच्या ध्यानात आले. ती खोपटामागे जाऊन ओकली. पोटात काही नव्हते, नुसते आंबट पाणी पडले.

गारठ्याने लादी गाडीवर चढवून कांबळे घातले तेव्हा ती येऊन मागे उभी राहिली.

"तू कुठं?"

"गाडी ढकलते."

"आलं ना शेवटी डोकं जाग्यावर," तो म्हणाला.

सरबतवालीचा ठेला मोटारतळाशी होता. तीन गाड्या एकदम लागल्या होत्या, आणि उतारू सावली शोधत होते. लहान मुले बापाच्या खांद्यावर माना टाकून पडलेली. सरबतवालीने लांबूनच गाडी ओळखली.

"आलात बाई एकदाचे. कोमट लिंबूपाणी विकून विकून माझं थोबाड फुटायची पाळी आली. काल एकाने विचारलं, हे सरबत आहे की औषध?" ती बर्फवालीकडे बघून हसली. दोघी एका वयाच्या. एकीचा बर्फ आणि दुसरीची लिंबे, अशी त्यांची वर्षानुवर्षांची गाठ. "ताई, अशी काय उतरलीस? आजारी होतीस का?"

गारठ्याने टोच्याने मोठा तुकडा पाडला. सरबतवालीने तो फडक्यात गुंडाळून लाटण्याने फोडला आणि माठात टाकला. बर्फ माठात वाजला. तो आवाज ऐकूनच लोक पुढे सरकले. बघता बघता रांग लागली. पहिले चार पेले गेले. एका बाईने आपल्या पोराच्या तोंडाला पेला लावला, पोराने तो दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून प्यायला सुरुवात केली.

"हा तुझा," सरबतवाली पाचवा पेला पुढे करत म्हणाली. "घे. बाकीचे थांबतील. तू पडलीस तर मला बर्फ कोण देणार?"

पेल्याला बाहेरून दव फुटले होते. आत बर्फाचे दोन तुकडे लिंबाच्या बिया ढकलत तरंगत होते. बर्फवालीने पेला घेतला. गारठ्या तिच्याकडे बघत होता.

ती सरबतवालीच्या जवळ सरकली. "हा बर्फ गिरणीवाल्याच्या घरचा आहे," ती म्हणाली. "त्याच्या आईच्या खालचा. दोन दिवस ती ह्याच्यावर होती."

सरबतवालीचा हात पळीवर थांबला. तिने माठात पाहिले, रांगेकडे पाहिले, रिकाम्या गल्ल्याकडे पाहिले. तिचे तोंड वाकडे झाले, आणि मग हळूहळू सरळ झाले.

"हळू बोल," ती म्हणाली आणि पुढचा पेला भरला.

बर्फवालीला वाटत होते की घाण काय ती खोपटात आहे, लादीत आहे, आपल्या घरात आहे. ती अशी सगळीकडे पोचलेली असेल, हे तिच्या मनात आले नव्हते. तिने हातातला पेला ठेल्याच्या फळीवर पालथा केला. सरबत फळीवरून लोकांच्या पायांवर सांडले.

"ह्या बर्फावर मढं ठेवलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "दोन दिवस. मीच पाणी काढत होते. पिऊ नका."

मग त्या बाईने पोराच्या तोंडचा पेला हिसकला. पोर रडायला लागले, त्याला आणखी पाहिजे होते. एकजण खाली बसून घशात बोटे घालू लागला. दुसऱ्याने पैसे परत मागितले. सरबतवालीने पळी माठात टाकून दिली आणि नको नको ते बोलायला लागली, बर्फवालीला, तिच्या आईला, तिच्या सात पिढ्यांना. आणि रांगेच्या कडेला एक माणूस होता, त्याला पेला मिळून गेला होता. त्याने पेल्यात बघितले, सुटणाऱ्या गाडीकडे बघितले, आणि उरलेले सरबत घटाघट पिऊन पेला फळीवर ठेवला. मनगटाने तोंड पुसत तो गाडीकडे पळाला.

लोक पांगले. सरबतवालीने माठ गटारात रिता केला आणि ठेल्याला फडके टाकून निघून गेली.

गारठ्या गाडीच्या दांड्याला धरून उभा होता. "आता आपला बर्फ कोण घेणार?" तो म्हणाला. ओरडून नव्हे. खरेच विचारत असल्यासारखा. "यंत्र चालू झालं तरी कोण घेणार?"

त्याला उत्तर ठाऊक होते, आणि तिलाही.

ऊन लादीवर आले. आयुष्यभराच्या सवयीने त्याचा हात कांबळ्याकडे गेला आणि त्याने ते लादीवर ओढले. तिने ते काढले. त्याने परत ओढले. तिने परत काढले, घडी केली आणि खांद्यावर टाकले. मग त्याने हात खाली सोडला आणि चाकाला टेकून बसला.

लादी सावकाश गेली. भर उन्हात, तापलेल्या फळ्यांवर, तरी सावकाश. फळ्यांच्या फटींतून थेंब पडत राहिले, खालची धूळ काळी झाली आणि पुढे सरकत गेली. येणारे-जाणारे लांबून वळसा घालून जात होते. एक खरजुले कुत्रे जीभ बाहेर काढून गाडीखाली आले आणि ओल्या मातीला तोंड लावणार, तोच ती वाकली, दगड उचलला आणि त्याला हाकलले.

"त्याला तरी पिऊ दे की," गारठ्या म्हणाला.

"नाही," ती म्हणाली, आणि दगड हातात धरून तिथेच उभी राहिली.